पुठ्ठ्यावरच्या तारखा

नोव्हेंबरात पितेओला उजाडतं
तेव्हा साडेआठ वाजलेले असतात.
रात्रपाळी संपवून मी गाडी लावते
सामायिक गॅरेजच्या चौथ्या खणात
आणि झोपायला जाते.
तेल मात्र जागंच राहतं.

एकोणनव्वद सालची व्होल्व्हो, खोक्यासारखी.
वर्कशॉपवाला खालून टॉर्च मारून म्हणाला होता,
क्रँकचं मागचं सील. गिअरबॉक्स उतरवावा लागेल.
त्यानं आकडा सांगितला.
गाडीच्या किमतीहून तो मोठा होता;
तिला ऐकू जाऊ नये म्हणून मी बाहेर जाऊन हो-नाही केलं.

पाचवा खण तोर्ग्नीचा. कागद गिरणीतला निवृत्त फिटर.
दोन वर्षं आमचं बोलणं नव्हतं.
फरशीवरच्या डागावरून त्यानं सोसायटीला पत्र लिहिलं होतं,
माझं नाव न घालता,
नंबर प्लेट घालून.

मग एकदा गाडीखाली दिसला
केळ्यांच्या खोक्याचा पुठ्ठा.
किती दिवस होता कोण जाणे. त्यावर थेंबांचे गोल,
गोलांशेजारी पेन्सिलीनं तारीख आणि बाहेरचं तापमान.
उणे चार: सात थेंब.
उणे अकरा: तेरा.
तळाशी एक ओळ: थंडी वाढली की जास्त. सीलचा दोष नाही.

शनिवारी तो दोन बादल्या गरम पाणी घेऊन आला.
नमस्कार नाही, चमत्कार नाही.
इंजिन धुतलं, पुसलं, वाळवलं,
त्यावर पायाची पावडर भुरभुरली,
आणि मला म्हणाला, जा, वीस किलोमीटर फिरवून आण.

पाणी कुठं मुरतंय याचा संशय तरी घेता येतो.
तेल मुरत नाही, चालत राहतं,
वरून निघतं, मागे सरकतं,
आणि खालच्या भलत्याच बोल्टाला बदनाम करतं.
पण पावडर भिजली होती सगळीकडे:
झाकणाच्या कडेला, डिपस्टिकच्या तोंडाशी, मागे, बाजूला.
फट मिळेल तिथून बाहेर.
तोर्ग्नी बराच वेळ बघत राहिला. मग विचारलं,
तुझ्याकडे हातमोजा आहे? रबरी, कामावरचा?

तेलाचं झाकण काढून
त्यानं मोजा त्या भोकावर चढवला,
इंजिन चालू.
करंगळी उठली. मग मधली दोन.
अंगठा शेवटी, फट्कन.
निळा हात वर झाला, थरथरत,
मागच्या बाकावरच्या मुलाचा असावा तसा,
ज्याला उत्तर केव्हाचं येत होतं.

कोंडलीय, तोर्ग्नी म्हणाला.
श्वास सोडायची वाट बंद आहे, म्हणून घाम.

इनटेकच्या खाली, कोपर सोलवटून पोचावं अशा जागी
नाण्याएवढी प्लॅस्टिकची चकती.
तिची भोकं बुजलेली,
दुधाच्या पातेल्याला लागते तशी खरवड, फक्त काळी.
नळी हातातच तुटली, बिस्किटासारखी.
नवी नळी, नवी चकती:
दोन कॉफ्या आणि दोन दालचिनी बन यांच्या पैशात.
(ते पैसेही त्यानंच दिले. बन मी आणले.)

रात्रपाळीत मी बावीस म्हाताऱ्यांचा श्वास ऐकते
दारातूनच, दिवा न लावता.
कोणाचा अडकला तर पायांना आधी कळतं.
आणि ही अकरा वर्षं माझ्या गुडघ्यांपुढे धापत होती.

मोजा पुन्हा चढवला. आता बोटं
एकेक करून आत ओढली गेली,
आणि तोर्ग्नीनं, का कोण जाणे,
आपलेही हात खिशात घातले.

पुठ्ठा बदललाय. तारखा आता मी घालते, पेनानं.
उणे सतरा: दोन.
मी त्याला म्हटलं, अजून दोन पडतायत.
पडू देत, म्हणाला,
ज्या दिवशी एकही पडणार नाही
त्या दिवशी आधी डिपस्टिक काढून बघ.